पन्हळीतलं कुंकू

चकती पितळेची होती, जुन्या रुपयाएवढी, मधोमध स्क्रूसाठी भोक. तिच्यावरची अक्षरं कुणीतरी कधीकाळी कानशीनं घासून टाकली होती, पण कडेपर्यंत जाता जाता त्याचा धीर संपला असावा, कारण तिथे एक आकडा अर्धवट उरला होता – तीन किंवा आठ. अनुपमानं ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली तेव्हा तीन दिसला, सरळ धरली तेव्हा आठ, आणि मग चहा निवेपर्यंत ती नुसतीच तिरकी-सरळ करत राहिली. बाबांच्या चष्म्याच्या घरात सापडली होती सकाळी, चष्म्याखाली, काच पुसायच्या कापडात गुंडाळलेली. एखादी वस्तू माणूस जपून ठेवतो तेव्हा अशी गुंडाळतो. आणि एखादी वस्तू हातात का आहे हेच आठवत नसलं तरीही…

“व्हॉट्स दॅट?” रिद्धीनं फ्रिजचं दार उघडं ठेवूनच विचारलं.

“आजोबांच्या बंदुकीची चकती.”

“ममा, यू कान्ट से दॅट! समवन विल कॉल द पोलीस.”

“बरं, जमालांच्या बंदुकीची. दार लाव ते.”

बंदूक जमालांचीच. परवाना त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर, आणि दुरुस्तीसाठीसुद्धा ती शहाम्यातल्या त्यांच्या घराबाहेर गेली नव्हती. मूळची लष्करी रायफल. सैन्यानं मोडीत काढल्यावर हातोहाती फिरत जमालांच्या आजोबांकडे आलेली, आणि उंटावर शिकारीला नेताना जड होते म्हणून आजोबांनी देऱ्याच्या धक्क्यावर होड्या बांधणाऱ्या सुताराकडून तिचं पुढचं लाकूड निम्म्यावर कापून घेतलेलं. नळी उघडी पडली होती. जगभर लोकांनी अशा बंदुका कापून शिकारीच्या केल्या, बाबा म्हणाले होते, आणि आता जगभरचेच लोक त्या परत जोडत बसलेत. बाबांनी उभी नोकरी ओतकामाचे लाकडी साचे करण्यात घालवली, आधी भोसरीला आणि नंतर इथे आखातात, मुसफ्फाच्या गोदीत. जमाल तिथे नवे इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा बाबा पॅटर्न शॉपचे फोरमन होते. म्हणून निवृत्तीनंतर एक दिवस फोन आला होता – उस्ताद, लकडी का एक काम है – आणि बाबांच्या अंगात वारं शिरलं होतं.

कालही जमालांचाच फोन. “सिस्टर, बेटे का शादी है अगले हफ्ते. मेरा वालिद बोलता है, वो बंदूक हाथ में लेके नाच की लाइन में खडा होएगा. पुराना रिवाज है ना हमारा. आप आके देखो एक बार. उस्ताद का काम पूरा हुआ कि बाकी है, हमको मालूम नहीं. पूरा है तो मैं तेल लगाता. बाकी है तो मुसफ्फा में एक आदमी है, मशीन से घिस देगा.”

“मला लाकडातलं काय कळतं, जमालभाई,” ती हिंदीत म्हणाली होती.

“लकडी का नहीं, उस्ताद का पूछता मैं. आप बेटी है. आपको मालूम होगा.”

मालूम होगा… हे तिच्या डोक्यातून रात्रभर गेलं नव्हतं. कारण नेमकं तेच तिला माहीत नव्हतं. उन्हाळ्यात कधीतरी तिचा नवरा संजय जेवताना हळूच म्हणाला होता, बाबा विसरायला लागलेत गं, आणि ती चिडली होती. मग तिला स्वतःलाच दिसायला लागलं. वर काही ठेवलेलं नसताना गॅस पेटलेला. भोसरीच्या भट्टीची गोष्ट एकाच जेवणात दोनदा. एकदा रिद्धीला त्यांनी ‘वत्सला’ अशी हाक मारली, तिच्या आजीच्या नावानं, आणि रिद्धी ‘येस आबा’ म्हणून शांतपणे पाण्याचा ग्लास घेऊन गेली. पण त्याच आठवड्यात त्यांनी संजयच्या बँकेच्या पत्रातली चूक काढली होती, चष्मा न लावता. डॉक्टरांची वेळ घेतली होती दिवाळीनंतरची. दिवाळीआधीच एका सकाळी ते उठले नाहीत, आणि डॉक्टर जे सांगणार होते ते सांगायचं राहूनच गेलं. तिचे बाबा गेले होते, की बाबांतून आधीच निम्मे निघून गेलेला कुणी… हे कुणाला विचारणार? असं विचारायची पद्धत नसते. लोक विचारतात, त्रास झाला का? तिनं सांगितलं होतं, नाही, झोपेत गेले. लोकांना बरं वाटलं होतं.

“जातेस कशाला एवढं,” संजय टोस्टला लोणी लावत म्हणाला. “फोनवर सांग, झालंय म्हणून.”

“झालंय का ते मला माहीत नाही.”

“शेवटी शेवटी त्यांना तरी कुठे—” तो थांबला, आणि लोणी अगदी कडेपर्यंत पसरवायला लागला. “येऊ का बरोबर?”

“नको.”

शनिवारच्या सकाळी रस्ता मोकळा होता, खाडीवरचा पूल ओलांडला की दोन्हीकडे कांदळवन आणि मग तीच ती खजुरांची रांग. चकती तिनं शेजारच्या सीटवर ठेवली होती. वळणावर ती सरकायची, आणि दर वेळी तिचा हात आपोआप तिकडे जायचा. ईशापूर. हा शब्द बाबांनी घरी उच्चारला होता, वरणभात कालवता कालवता. मुठीत धरतो तिथे लोखंडावर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं, म्हणाले, पण कापणाऱ्यानं बंदूक देखणी करायच्या नादात ते पॉलिश करून टाकलंय. राजमुकुटाचा छाप आहे थोडासा, बाकी गुळगुळीत. मग ओळखणार कशी? तर लाकडावरून. लाकूड आपल्याकडचं आहे, अक्रोड, आणि त्याच्यातून एक आडवा स्क्रू गेलाय – तो इंग्लंडवाले नाही मारत, आपले मारतात, आपल्या हवेत लाकूड फाटतं म्हणून. बंगालात ईशापूरला कारखाना. आपली बाई आहे ती, ते म्हणाले, आणि हसले. बाई म्हणाले? की बंदूक म्हणाले? हसले हे नक्की. कारण आई गेल्यावर ते जेवताना हसत नसत, आणि तिनं मान वर करून पाहिलं होतं.

आणि कुंकू. ते आईच्या करंड्यातलं, देवघराच्या खणात आई गेल्यापासून तसंच पडून होतं, टाकवतही नव्हतं. बाबांनी एक दिवस स्टीलच्या छोट्या डबीत भरून घेतलं.

“बाबा, हे कशाला?”

“लागतं कामाला. नळीला तेलात कालवून लावायचं, नळी लाकडात बसवायची, उचलायची. जिथे लाल उमटेल तिथे लाकूड उंच. तेवढंच खरवडायचं. परत बसवायची. लाल उमटतंय तोवर काम आहे.”

“अहो, पण त्याला निळा रंग मिळतो ना बाजारात? तुम्हीच आणायचात.”

“निळा अक्रोडावर दिसत नाही.” आणि मग, डबीचं झाकण दाबून बसवताना, “तिला चालेल.”

तिला म्हणजे आईला… एवढं अनुपमाला तेव्हा कळलं होतं.

जमाल फाटकातच उभे होते, अंगात पांढरी पायघोळ कंदुरा, डोक्याला काही नाही, पन्नाशीतला हा माणूस तिला प्रत्येक वेळी बाबांच्या जुन्या फोटोतला पोरगेला इंजिनिअर वाटायचा. मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, त्यांचे वडील तक्क्याला टेकून बसले होते. तिनं छातीवर हात ठेवून सलाम केला. म्हाताऱ्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि अरबीत काहीतरी म्हटलं.

“बोलता है, नाक उस्ताद का है,” जमाल म्हणाले. “बैठो. गहवा लो, खजूर लो. बाद में काम.”

“चकती आणलीये,” तिनं रुमाल उघडला. “बाबांच्या चष्म्याच्या घरात होती.”

“अरे, हबीबी!” त्यांनी ती झडप घालून घेतली आणि वडिलांना दाखवली. “हम पूरा शेड में ढूंढा! मैं नौकर को गाली दिया, बेचारा. उस्ताद ले गया था?”

“साफ करायला नेली असेल.”

“उस्ताद बोलके ले जाता हमेशा.” ते सहज म्हणाले. तिनं खजूर उचलला आणि नुसताच हातात धरला. बोलून नेत असत. ही न बोलता नेली. म्हणजे… काहीही. माणूस एखादे वेळी सांगायचं विसरतो. मीसुद्धा विसरते. ऑफिसची तीन पेनं माझ्या पर्समध्ये आहेत.

म्हातारा चकती डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. “इंग्रेज,” तो अभिमानानं म्हणाला, तिला कळावं म्हणून सावकाश. “इंग्लंड.”

“हां,” जमाल हसले. “मेरे दादा को इंग्रेज अफसर ने तोहफा दिया, ये मेरे बाबा का कहानी है. मैं कभी मानता नहीं था. मैं बोलता, किसी हिंदी से खरीदा होगा. पर उस्ताद ने देख के बताया ना, इंग्लंड का माल है. इधर ही बैठके बताया. बाबा तीन दिन तक मेरे को चिढाया.”

तिनं गहव्याचा, त्या बिनदुधाच्या कॉफीचा, पेला खाली ठेवला. बाबांनी सांगितलं? खोटं, आणि बाबांनी? आपल्या व्याह्यांच्या तोंडावर त्यांच्या घराची भिंत ओळंब्यात नाही म्हणणारे बाबा, साचा केसभर चुकला म्हणून सगळा फोडून पुन्हा करायला लावणारे… की म्हाताऱ्याचा चेहरा बघून? की ईशापूर त्यांच्या डोक्यातून तोवर निघूनच गेलं होतं, आणि समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायची ती सवय, आजार सुरू होताना येते म्हणतात तशी? आणि तिसरंही होतं. लोखंड इंग्लंडचं आणि लाकूड मागाहून हिंदुस्थानात बदललेलं, असंही होत असणार. मग त्यांनी इथे लोखंडाचं सांगितलं आणि घरी लाकडाचं, आणि दोन्हीकडे खरंच बोलले. तिनं बाबांना आठवणीत तीन ठिकाणी तीन वेगळ्या चेहऱ्यांनी बसवून पाहिलं. तिन्ही चेहरे त्यांनाच शोभत होते.

“कधी सांगितलं त्यांनी?” तिनं विचारलं.

“याद नहीं. गरमी में. चलो, लकडी देखो.”

शेडमध्ये एसी चालू होता आणि जवसाच्या तेलाचा वास होता, बाबांच्या शर्टांना यायचा तो. टेबलावर पांढऱ्या चादरीवर नुसतं पुढचं लाकूड ठेवलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, आणि ती क्षणभर ते अखंड समजलीच. जमालांनी बोट ठेवलं तेव्हा दिसला सांधा, जुनं तपकिरी आणि नवं तपकिरी यांच्यामधली दोऱ्याइतकी रेघ. “इस के ऊपर लोहे का पट्टी आता है. शादी में कोई नहीं देखेगा.”

तिनं रेघेवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. ज्या हाताला एवढं जमतं त्याच्या डोक्याला—

“ये तो जून में किया,” जमाल म्हणाले. “पहले यही किया. बाद में अंदर का काम.”

जूनमध्ये. गॅस पेटलेला सापडला तो जुलैत.

त्यांनी लाकूड उलटं केलं. आत लांबलचक पन्हळ, नळी बसायची ती, हातानं कोरलेली, आणि तळाशी लाल. तीन खुणा. दोन मागच्या बाजूला, गोल, जवळजवळ. तिसरी पुढे, जरा ओढली गेलेली. रंग सुकून विटकरी झाला होता, पण आईच्या कुंकवाचा तो काळसर लाल तिनं कुठेही ओळखला असता.

“ये देखो. लाल है मतलब लकडी ऊपर है, उस्ताद मेरे को सिखाया. तो काम बाकी है ना? पर लोहा बिठाके देखा मैं, बराबर बैठता. हिलता भी नहीं.”

“शेवटचे कधी आले होते ते?”

“आखरी बार? वो… आपका त्योहार था, दसरा. उसके पहले का दिन. मैं पूछा, उस्ताद कल छुट्टी? बोला, हां, कल दसरा.”

खंडेनवमी. तिला वाटलं जमालांना हे ऐकू आलं असेल, इतक्या मोठ्यानं तो शब्द तिच्या आत पडला. नवमीला बाबा हत्याराला हात लावत नसत. भोसरीतही नाही, मुसफ्फातही नाही. आदल्या दिवशी पटाशा, रंधा, कानशी पुसून, तेल लावून पाटावर मांडायच्या, नवमीला करंगळीशेजारच्या बोटानं प्रत्येकीला कुंकू लावायचं आणि दसऱ्यापर्यंत त्या विश्रांती घेणार. या वर्षी घरी पाट रिकामा होता. बाबा विसरले वाटतं, संजय म्हणाला, आणि तिनं स्वतःच स्वयंपाकघरातली सुरी आणि आपला लॅपटॉप ठेवून फुलं वाहिली. संध्याकाळी बाबा इथूनच परत आले, पाटाकडे बघून दारात थबकले आणि म्हणाले, “आज काय आहे?”

आज काय आहे. किती वेळा तिनं ते तीन शब्द उलटेपालटे केले होते. लॅपटॉपला झेंडूचं फूल बघून थट्टा केली असेल. त्यांची थट्टा तशीच असायची, चेहरा कोरा ठेवून. रिद्धी हसलीही होती. की खरंच विचारलं? पण दुपारी ते जमालांना म्हणाले होते, कल दसरा. दुपारी माहीत होतं ते संध्याकाळी… जातं, तसंही जातं म्हणे, येतं आणि जातं. हत्यारं इथे होती म्हणून पूजा इथेच केली असेल; तर हे कुंकू म्हणजे नमस्कार, आणि काम झालेलं, कारण अर्धवट वस्तूला ते कधी कुंकू लावत नसत. किंवा ते नवमी विसरून नेहमीसारखे खरवडत बसले होते, आणि हे तीन ठिपके म्हणजे अजून उंच राहिलेलं लाकूड.

“त्या दिवशी काय केलं त्यांनी? तुम्ही इथेच होतात ना?”

“लोहा कपाट से निकाला, उधर कपडे पे रखा. फिर मेरे बाबा का फोन आया, मैं घर में गया. वापस आया तो उस्ताद ऐसे बैठा था.” जमालांनी हात मांडीवर ठेवून दाखवले, पाठ सरळ. “सब औजार लाइन में. बोला, जमाल, आज जाता मैं.”

“लाइन में… फुलं होती का? काही पिवळं, हळद?”

“फूल?” ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, डोळे बारीक करून. “नहीं सिस्टर. औजार तो उस्ताद रोज लाइन में रखता. मैं ध्यान नहीं दिया. मेरे को क्या मालूम आखरी है.”

तिनं पन्हळीत बोट घातलं. करंगळीशेजारचं. गोल खूण बोटाच्या टोकाएवढी होती, दुसरीही. तिसरीवर बोट ठेवलं तर ती बोटापेक्षा लांब, पुढे घसरलेली, नळी उचलताना घासली जावी तशी – किंवा म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरावा तशी. लाकूड गार होतं. उंचसखल काही तिच्या बोटाला कळलं नाही.

दारात काठीचा आवाज झाला. जमालांचे वडील भिंतीला धरत धरत आले होते, कुणी न बोलावता. त्यांनी लाकडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एकच प्रश्न विचारला. तो समजायला अरबीची गरज नव्हती. जमालांनी भाषांतर केलंही नाही; दोघंही तिच्याकडे बघत राहिले, जसं डॉक्टरांकडे बघतात.

“झालंय,” ती म्हणाली. मराठीतच. मग हिंदीत, “पूरा है. बाबांनी घरी सांगितलं होतं मला.”

“सच? क्या बोला उस्ताद?”

क्या बोला. तिला वाटलं आता शब्द अडतील, पण ते अडले नाहीत, जणू पुढच्या दारात उभेच होते. “म्हणाले, हो गया. अब कोई हाथ मत लगाना.”

जमालांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्यानं ते वाक्य ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं, मान डोलावली, आणि बाबांनी कधी न म्हटलेलं – किंवा तिला न आठवणारं – बाबांचं शेवटचं बोलणं अरबीत त्या शेडमध्ये तयार झालं. आता ते लग्नात सांगितलं जाईल. नातवंडांना सांगतील.

“फिर यल्ला,” जमालांनी फडकं जवसाच्या तेलात बुडवलं. “आप के सामने लगाता.”

थांबा, असं ती म्हणाली असती. तोंड उघडलंही होतं. तेल पन्हळीत पसरलं, तीनही ठिपके क्षणभर उजळले, अगदी ताज्या लाल रंगात, नुकतेच लावल्यासारखे, मग विरघळून एकमेकांत गेले, आणि लाकूड गडद होत होत त्यांच्यावरून मिटलं. फडक्याला थोडासा गुलाबी डाग आला. जमालांनी फडक्याची दुसरी बाजू घेतली.

शेडमध्ये राहिलेल्या बाबांच्या हत्यारांची गुंडाळी तिनं मागच्या सीटवर ठेवली. निघताना म्हाताऱ्यानं खजुरांची टोपली गाडीत ठेवायला लावली. नको म्हणायची सोय नव्हती. महामार्गाला लागल्यावर तिनं एसी कमी केला, खिडकी थोडी उघडली, परत लावली. का म्हणाले मी तसं? मशीनवाल्याच्या हाती ते लाकूड जाऊ नये म्हणून. म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे बघून. बाबा शहाणे होते असं निदान एका घरात तरी कायमचं ठरून जावं म्हणून. ही सगळी कारणं खरी वाटत होती, आणि तीन-चार कारणं एकदम खरी वाटतात तेव्हा त्यातलं एकही… ते इंग्लंड म्हणाले तेव्हा त्यांनाही असंच झालं होतं का? शब्द दारात उभेच. मग त्याला विसरणं म्हणायचं, की माया, की नुसतंच तोंडातून निघून जाणं? आपण पाच मिनिटांपूर्वी का बोललो हे जिला सांगता येत नाही, तिनं त्यांच्या डोक्याचा हिशेब…

रिद्धीचा फोन वाजला, गाडीभर तिचा आवाज पसरला. “ममा, वेअर आर यू? आणि आबांचं फिनिश झालं होतं का? डॅडी इज आस्किंग.”

“हो.”

“हाऊ डू यू नो?”

“ते म्हणाले होते मला.”

“व्हेन?”

पुलाचा चढ सुरू झाला होता. “अगं, त्या दिवशी,” ती म्हणाली, आणि सांगता सांगताच तिला ते दिसले, स्वयंपाकघराच्या दारात, पंचा खांद्यावर, हात धुऊन आलेले, नखांच्या कडांना लाल राहून गेलेलं. “झालं बघ,” ते म्हणत होते. “आता कुणी हात लावू नका.” आवाज त्यांचाच होता, शेवटचा शब्द थोडा खाली उतरणारा. हे झालं होतं? हे आत्ता, या पुलावर, झालं? रिद्धी पलीकडून हॅलो, हॅलो करत होती. अनुपमानं वेग कमी केला, डावीकडून गाड्या सर्रकन पुढे गेल्या, आणि तिनं स्वतःला पकडायचं ठरवून मुद्दाम एक गोष्ट विचारली जी बनवलेल्या आठवणीत असणार नाही – त्यांनी घातलं काय होतं.

निळा चौकड्यांचा शर्ट. वरचं बटण नव्हतं.